तळ्यातला जंतू बदलतो, मग बर्फावरचं अस्वल का नाही?

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित उतारा. ऐकायला वेळ नाही, किंवा हेडफोन घातले की लगेच झोप येते, अशांसाठी. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे ना' मी बरेचसे काढलेत. सगळे निघाले नाहीत.

या भागाची सुरुवात एका व्हॉइस नोटपासून झाली. अकरावीतल्या एका मुलीने पाठवली होती. ती म्हणते, "ताई, जंतू काही वर्षांत औषधाला दाद देईनासे होतात, असं तुम्हीच मागे सांगितलं होतंत. एवढासा जीव जर बदलू शकतो, तर एवढं मोठं, हुशार पोलर बेअर का नाही बदलत? बर्फ वितळतोय, तर जमिनीवर राहायला शिकेल की!"

मी घाईत तिला टाईप करून पाठवलं, "अगं, उत्क्रांतीला वेळ लागतो." पाठवलं आणि मग जाणवलं, हे काही उत्तर नाही. जंतूला कुठे लागतो वेळ? उत्क्रांती दोघांचीही होते, डीएनए दोघांचाही त्याच चार अक्षरांत लिहिलेला. मग एकाला जमतं आणि दुसऱ्याला का जमत नाही? म्हणून आज एक विचित्र जोडी समोर ठेवून बघू. एका बाजूला गोड्या पाण्यातला एक जंतू, दुसऱ्या बाजूला आर्क्टिकमधलं पांढरं अस्वल.

जंतूचं नाव कॉलोबॅक्टर क्रेसेंटस. नाव अवघड आहे, पण राहतो अगदी साध्या ठिकाणी: तळी, ओढे, नद्या. त्यातही जिथे पाण्यात खायला फारसं काही नाही, तिथे याचं चांगलं चालतं. याच्यामुळे सहसा कुणी आजारी पडत नाही, त्यामुळे बातम्यांत येत नाही. पण जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत तो मोठा स्टार आहे. स्टॅनफर्डच्या ल्युसी शपिरो यांनी याच एका जंतूवर काही दशकं काम केलं. एक पेशी दोन वेगळ्या पेशी कशा घडवते, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला हा जंतू एकदम फिट बसतो.

का? तर बहुतेक जंतू वाढतात, मधोमध तुटतात, आणि दोन सारखे तुकडे होतात. आई कोण आणि मूल कोण, विचारायची सोय नाही. कॉलोबॅक्टरचं तसं नाही. त्याच्या दोन पेशी जन्मतःच वेगळ्या असतात. एकीला बारीक दांडी असते आणि दांडीच्या टोकाला डिंक. ती दगडाला, पानाला, पाईपला चिकटून बसते. हिला आपण बैठी पेशी म्हणू. दुसरीला दांडी नसते, तिला फ्लॅजेलम असतो, म्हणजे मोटरसारखी गरगर फिरणारी शेपटी. ती पोहत निघून जाते. ही पोहणारी.

तो डिंक साधासुधा नाही बरं का. 2006 साली अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी चिकटलेल्या एकेका पेशीला अतिबारीक काचेच्या नळीने ओढून बघितलं. चौरस मिलिमीटरला 68 न्यूटन इतकी पकड निघाली, म्हणजे नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर जवळपास 700 किलो टांगता येतील. (रेकॉर्डिंगमध्ये मी 68 किलो म्हणून गेले होते. चूक माझी, इथे दुरुस्त केलंय.) निसर्गातल्या मोजलेल्या डिंकांमध्ये हा सगळ्यात दणकटांपैकी एक.

आता खरी गंमत. बैठी पेशी जागेवर बसून मुलींना जन्म देत राहते. पोहणाऱ्या पेशीला मात्र मूल होऊ शकत नाही. ती पोहत असते तोवर तिच्या डीएनएची नक्कल काढायला बंदी असते. बंदी घालतं एक प्रथिन, त्याचं नाव सीटीआर-ए. डीएनएची नक्कल जिथून सुरू होते नेमकं तिथेच ते जाऊन बसतं, कुलपासारखं. पोहणारी पेशी शेपटी टाकून देते, तिथे दांडी उगवते, ते प्रथिन मोडीत निघतं, आणि मग कुठे कुलूप उघडतं. प्रयोगशाळेत, भरपेट खाणं असताना, बैठी पेशी साधारण दीड तासात एका मुलीला जन्म देते. पोहणारीला वरून अर्धा तास जास्त लागतो, कारण आधी तिला स्थिरस्थावर व्हायचं असतं.

आणि खाणं नसेल तर? तर ती पोहतच राहते. उपासमार झाली की पेशीच्या आत एक रासायनिक इशारा तयार होतो, आणि कुलूप उघडायचं लांबणीवर पडतं. म्हणजे आधी पोटाचं बघ, मूल नंतर.

हे वाक्य लक्षात ठेवा, आणि आता माझ्याबरोबर कॅनडात चला. हडसन उपसागराचा पश्चिम किनारा, मॅनिटोबा प्रांतातलं चर्चिल नावाचं छोटं गाव. जगात पोलर बेअरचा सगळ्यात जास्त काळ अभ्यास जिथे झाला, त्या जागांपैकी ही एक.

इथे दर उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ पूर्ण वितळतो आणि अस्वलं किनाऱ्यावर येतात. हिवाळ्यात बर्फ धरला की परत समुद्रावर जातात. त्यांचं मुख्य खाणं म्हणजे सील, आणि सीलमध्येही कातडीखालची चरबी. सील पाण्यात अस्वलापेक्षा कितीतरी चपळ. पोहत त्याचा पाठलाग करून काही हाती लागत नाही. म्हणून अस्वल बर्फावर, सीलच्या श्वास घ्यायच्या भोकापाशी, तासन् तास गप्प बसून राहतं. सील वर आला की झडप. बर्फ म्हणजे अस्वलाचं घर असं आपण म्हणतो, पण मला वाटतं मचाण म्हणणं जास्त बरोबर आहे. मचाण गेलं की शिकारी जागेवर, सावज जागेवर, आणि मध्ये नुसतं पाणी.

आता मादीचं बघा. मीलन होतं वसंतात, एप्रिल-मेच्या सुमारास. अंडं फलित होतं, थोडं वाढतं, आणि थांबतं. गर्भाशयात रुजतच नाही. काही महिने तसंच तरंगत राहतं. दरम्यान मादी खाऊन खाऊन चरबी साठवते. शरद ऋतूत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास, शरीराचा जणू हिशोब होतो. चरबी पुरेशी असेल तर गर्भ रुजतो, मादी गुहेत जाते, आणि ऐन हिवाळ्यात पिलं जन्मतात, बहुतेक वेळा दोन. प्रत्येकाचं वजन साधारण 600 ग्रॅम. आईच्या वजनाच्या मानाने हे काहीच नाही. मग गुहेत आई काही न खाता त्यांना दूध पाजते. त्या दुधात 30 टक्क्यांच्या वर फॅट असतं. आपल्या पिशवीतल्या फुल क्रीम दुधात 6 टक्के असतं, त्यावरून अंदाज घ्या. मार्च-एप्रिलमध्ये गुहेतून बाहेर येताना पिल्लू दहा-बारा किलोचं झालेलं असतं, आणि हडसन उपसागरातल्या आईचा उपास तोवर आठ महिन्यांपर्यंत पोचलेला असतो.

आणि चरबी पुरेशी नसेल तर? गर्भ रुजत नाही. त्या वर्षी पिलं नाहीत. पश्चिम हडसन उपसागरातल्या एका अभ्यासात असं दिसलं, की शरद ऋतूत सुमारे 190 किलोपेक्षा हलकी असलेली एकही मादी पुढच्या वसंतात पिलांसोबत दिसली नाही.

मी हे पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून वाचलं तेव्हा खरंच थबकले. अर्ध्या मायक्रॉन रुंदीचा जंतू आणि काही शे किलोचं अस्वल. वजनाचा हिशोब केला तर एका मोठ्या नर अस्वलाच्या वजनाइतके कॉलोबॅक्टर गोळा करायला एकावर अठरा शून्यं, इतके लागतील. तरी दोघांनाही एकच प्रश्न पडलेला: खायची खात्री नसताना मूल कधी होऊ द्यायचं? आणि दोघांचं उत्तरही एकच: थांब. यंत्रणा पूर्ण वेगळ्या, पूर्वज कोणे एके काळी वेगळे झालेले, पण टंचाईत राहणाऱ्या दोघांनी ब्रेक बसवून घेतलाय.

इथे कुणी म्हणेल, मग झालं की. अस्वलाकडे ब्रेक आहे, वाईट वर्ष आलं तर थांबेल, चांगलं आलं की पिलं होतील. अगदी बरोबर, एक वाईट वर्ष आलं तर. पण ब्रेक लावणं म्हणजे गाडी बदलणं नव्हे. परिस्थिती वाईटच राहणार असेल तर जीव स्वतः बदलावा लागतो, आणि त्या मुलीचा प्रश्न नेमका तिथलाच होता.

बदल कुठून येतो? डीएनएची नक्कल काढताना होणाऱ्या चुकांमधून. आपण असं धरून चालतो की जंतूत चुका जास्त होत असतील. उलट आहे. एका जंतूच्या एका विभाजनात चूक होण्याची शक्यता अगदी कमी, ढोबळ मानाने हजार विभाजनांमागे एखादी. कॉलोबॅक्टरचा डीएनएच मुळात छोटा, सुमारे 40 लाख अक्षरांचा (2001 मध्ये तो पूर्ण वाचून झाला). पोलर बेअरचा दोनशे कोटींच्या वर. आपल्या माणसांच्या प्रत्येक बाळात आईबाबांकडे नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात. अस्वलाच्या पिलांचं गणितही त्याच जातीचं. म्हणजे एकास एक तुलना केली तर अस्वलाचं पिल्लू जंतूपेक्षा जास्त नवेपण घेऊन जन्मतं. कच्च्या मालाची कमतरता नाही.

कमतरता आहे ती डोक्यांची. डोकी म्हणजे संख्या. तळ्याच्या साध्या पाण्यात, एका मिलिलिटरमध्ये, सगळ्या जातींचे मिळून दहा लाखांच्या घरात जंतू असतात. चहाच्या एका चमच्यात पन्नास लाख. त्यात कॉलोबॅक्टर हजारात एक धरला, तरी त्या चमच्यात पाच हजार. आणि पोलर बेअर? अख्ख्या जगात, रशिया, अलास्का, कॅनडा, ग्रीनलँड, नॉर्वेचा स्वालबार्ड, सगळे धरून अंदाजे 26,000. पाच-सहा चमचे पाणी घेतलं की जगातल्या सगळ्या पोलर बेअरपेक्षा जास्त कॉलोबॅक्टर तुमच्या हातात.

नव्या बदलांतले बहुतेक निरुपयोगी असतात, काही घातक, एखादाच कामाचा. हे लॉटरीसारखं आहे. जंतूकडे एकेका तिकिटाला किंमत नाही, पण तिकिटं अब्जावधी, आणि सोडत दर काही तासांनी. एक अब्ज जंतू मेले तरी बिघडत नाही, ज्याला लागली तो उद्या पुन्हा तळं भरून टाकतो. अस्वलाकडे तिकिटं मोजकी, आणि प्रत्येक तिकिटामागे एका मादीचे आठ महिने उपाशी आणि पुढची दोन-अडीच वर्षं पिलांना शिकार शिकवण्यात. एक मादी आयुष्यात अशी साधारण पाच बाळंतपणं करते. मेलेल्या प्रत्येक पिलाची किंमत मोजावी लागते.

आता वेळ. पोलर बेअरची एक पिढी सुमारे साडेअकरा वर्षांची धरतात. म्हणजे 1990 पासून आजवर अस्वलांच्या तीन पिढ्या झाल्या. तीन! आजी, आई, मुलगी. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार पोलर बेअर तपकिरी अस्वलांपासून वेगळं झालं ते साधारण साडेतीन ते पावणेपाच लाख वर्षांपूर्वी. त्या काळात त्याने काय काय कमावलं? इतकी चरबी खाऊनही हृदयाचं काही बिघडू नये अशी व्यवस्था (रक्तातल्या कोलेस्टेरॉलशी संबंधित एपीओबी नावाच्या जनुकात त्या अभ्यासाला ठळक बदल सापडले), पांढरी फर, पोहायला मोठे पंजे. मी कागदावर गणित केलं. चार लाख वर्षं भागिले साडेअकरा, म्हणजे जवळपास 35,000 पिढ्या. तेवढ्याच पिढ्या कॉलोबॅक्टरला प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये, दीड तासाच्या हिशोबाने, किती दिवसांत होतील? सहा वर्षं. तळ्यात खाणं कमी म्हणून जास्त लागतील, पण तरी. तुम्ही पाचवीत असताना सुरू केलं तर दहावी संपता संपता पूर्ण.

'शिकेल की' या शब्दाकडेही जरा बघू. नवं खाणं खायला शिकणं जंतूलाही सोपं जात नाही. याचा सगळ्यात सुंदर पुरावा दुसऱ्या एका जंतूचा आहे, ई. कोलायचा. रिचर्ड लेन्स्की यांनी 1988 साली बारा फ्लास्कमध्ये ई. कोलाय वाढवायला सुरुवात केली. रोज थोडे जंतू नव्या फ्लास्कमध्ये, रोज. त्या द्रावणात सायट्रेट नावाचा पदार्थ भरपूर होता, पण ई. कोलायला ऑक्सिजन असताना तो खाता येत नाही. ताट समोर, तोंड बंद. 31,000 हून जास्त पिढ्या गेल्यावर बारापैकी एका फ्लास्कमधल्या जंतूंना ते जमलं. एका! रोज कोट्यवधी जंतू, इतक्या पिढ्या, आणि बारात एक. आता तीन पिढ्या आणि 26,000 अस्वलांकडून आपण काय मागतोय, बघा.

बरं, अस्वलं प्रयत्नच करत नाहीत असं नाही. चर्चिलच्या बाजूला उन्हाळ्यात ती बेरी खातात, पक्षी, अंडी, गवत, मिळेल ते. 2024 मध्ये एक अभ्यास आला. संशोधकांनी 20 अस्वलांच्या गळ्यात कॅमेरा असलेले पट्टे बांधले आणि जमिनीवरच्या मुक्कामात ती काय करतात ते बघितलं. काही नुसती पडून राहिली, काही दिवसभर खाणं शोधत फिरली. 20 पैकी 19 जणांचं वजन घटलं. जी खात होती त्यांचंही, कारण जे मिळालं ते शोधण्यातच खर्च झालं.

हे का, ते आकारामुळे. कॉलोबॅक्टर पाण्यात विरघळलेलं अगदी तुरळक खाणं अंगभर शोषून घेतो. बटाटा जितका बारीक चिराल तितकी त्याची बाहेरची बाजू वाढते, तसं. वजनाच्या मानाने त्याचं 'अंग' अस्वलापेक्षा लाखो पटींनी मोठं. त्यामुळे पातळ वरणावर त्याचं भागतं. अस्वलाचं उलट. जाडजूड देह थंडीत ऊब धरून ठेवायला उत्तम, पण तो पोसायला एका घासात प्रचंड ऊर्जा हवी, आणि ती आर्क्टिकमध्ये एकाच ठिकाणी आहे, सीलच्या कातडीखाली. बेरीने भूक भागत नाही. अस्वल हट्टी आहे म्हणून नव्हे, तर हिशोबच जुळत नाही म्हणून. 2022 साली आग्नेय ग्रीनलँडमध्ये काही शे अस्वलांचा एक वेगळा गट नोंदवला गेला, तो वर्षातला बराच काळ समुद्री बर्फाऐवजी हिमनदीतून तुटून खाडीत साचलेल्या बर्फावर शिकार करतो. चांगली बातमी आहे, पण नीट बघा: तीही सीलच खातात, आणि त्यांनाही उभं राहायला बर्फच लागतो. तसा बर्फ आर्क्टिकमध्ये फार थोड्या ठिकाणी आहे.

पश्चिम हडसन उपसागरात 1980 च्या दशकाच्या तुलनेत अस्वलांना आता वर्षाला तीन ते चार आठवडे जास्त जमिनीवर काढावे लागतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हे आठवडे कुठून कापले जातात ते बघा: बर्फ वितळण्याच्या आधीचा वसंत, जेव्हा सीलची गुबगुबीत, अननुभवी पिलं बर्फावर असतात आणि अस्वल वर्षाची बरीचशी चरबी कमावतं. पगाराचा महिनाच कापल्यासारखं. मादी 190 किलोच्या रेषेखाली राहते, गर्भ रुजत नाही. विमानातून केलेल्या मोजणीत तिथे 2016 मध्ये 842 अस्वलं असल्याचा अंदाज होता. 2021 मध्ये 618.

ब्रेक अगदी चोख काम करतोय. दरवर्षी लागतोय, एवढंच.

त्या मुलीला मी शेवटी काय लिहिलं ते सांगते. लिहिलं की तुझा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर अर्धवट होतं. अस्वल बदलू शकत नाही असं नाही. त्याला हजारो पिढ्या आणि खूप सारी अस्वलं लागतील, आणि समुद्र त्याला तीन-चार पिढ्यांच्या वर मुदत देत नाहीये. त्यावर तिने लगेच विचारलं, "मग पोहत दुसरीकडे का जात नाही?"

जातात की. कॉलोबॅक्टरची पोहणारी पेशी कुठेतरी टेकायला जागा शोधत असते, आणि नाहीच मिळाली तरी वेळ झाली की पाण्यातच दांडी काढून मोकळी होते. अस्वलाला ती सोय नाही. 2008 साली अलास्काच्या उत्तरेला, ब्युफोर्ट समुद्रात, गळ्यात पट्टा असलेली एक मादी बर्फ शोधत निघाली. नऊ दिवसांहून जास्त, न थांबता, 687 किलोमीटर पोहली. बर्फ सापडला. दोन महिन्यांनी तिला पुन्हा पकडलं तेव्हा तिचं वजन 22 टक्क्यांनी घटलं होतं. निघताना तिच्याबरोबर वर्षाचं एक पिल्लू होतं. ते नव्हतं.

चला, या वेळी इतकंच. व्हॉइस नोट पाठवत राहा, पण प्लीज, दोन मिनिटांच्या आत.